आत्याची उलटछाप

आत्याला स्थळ आलं त्या सकाळी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून तिनेच केलेली चोरी तपासत होते.

चोर समोर बसून मेथी निवडत होती आणि मला सांगत होती, "समू, पाठ सरळ ठेव. चाळिशीत मणका धरंल."

वैजूआत्या म्हणजे वैजयंती मगदूम, माझ्या बाबांची धाकटी बहीण, मिरजेच्या एका दवाखान्यात हेड सिस्टर. वय सत्तावन्न, लग्न केलेलं नाही. आई-बाबा बदलीने नाशिकला गेल्यापासून मी सांगलीत तिच्याकडे राहते आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. आमची कंपनी लोकांचे ऑनलाइन टाकलेले फोटो आणि व्हिडिओ चोरीपासून वाचवते. त्या दिवशी यंत्रणेने कळवलं होतं की माझाच एक फोटो परवानगीशिवाय कॉपी झाला आहे. मैत्रिणीच्या लग्नातला. अंजिरी पैठणी, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात बासुंदीची वाटी. प्रती पार हुबळीपर्यंत पोचल्या होत्या. पहिली प्रत जिथून निघाली तो फोन मेथीच्या जुडीखाली होता.

तोच वाजला. आत्याचे हात चिखलाचे, म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला.

"मगदूमांचं घर ना? मी जयसिंगपूरहून सुकुमार चौगुले बोलतोय. वधू-वर ग्रुपवर तुमचा फोटो बघितला. आम्हाला पसंत आहे."

आत्याचा चेहरा असा उजळला की मी पाठ सरळ केली. फोनवर तळहात ठेवून ती कुजबुजली, "आलं की गं स्थळ!" आणि मग मोठ्याने, "बरं बरं. मुलगा काय करतो?"

"मुलगा बेंगळुरूला असतो. त्याला दोन मुली आहेत."

"दोन मुली? मग लग्न कुणाचं करायचंय?"

"माझंच की. चित्रकला शिक्षक होतो, आता रिटायर आहे. मिसेस जाऊन सहा वर्षं झाली."

"अहो, लाज वाटत नाही तुम्हाला? पोरगी एकतीस वर्षांची आहे!"

"कुठली पोरगी?"

"फोटोतली!"

पलीकडचा माणूस बहुधा फोटो पुन्हा उघडून बघत असावा.

"पोरगी नाही दिसत," तो म्हणाला. "एक बाई आहेत. पैठणीतल्या. नाकावर चष्म्याचा वळ आहे."

आत्याचा चिखलाचा हात आपोआप नाकाकडे गेला. तिने कोपराने फोन बंद केला.

"समू, काय बोलतोय हा माणूस?"

"बरोबर बोलतोय," मी म्हटलं.

आता थोडं विज्ञान. आत्याला मी हे मेथीच्या जुडीवर समजावलं, तुम्हाला चहावर समजावते.

कुठलेही दोन कॅमेरे सारखे नसतात. आतल्या लाखो ठिपक्यांपैकी एखाद्याला उजेड किंचित जास्त दिसतो, एखाद्याला किंचित कमी. त्यामुळे प्रत्येक फोटोवर त्या कॅमेऱ्याची एक पुसट नक्षी उमटते. आमची कंपनी त्या नक्षीला मालकाची खूण जोडते आणि दोन्ही फोटोभर मिसळून टाकते. डोळ्याला काही कळत नाही. चहात साखर विरघळल्यावर तो कपात प्या, बशीत प्या, अर्धा सांडून उरलेला प्या, गोडी असतेच. तसा फोटो कापा, दाबून बारीक करा, स्क्रीनशॉट घ्या, नाहीतर एका फोनसमोर दुसरा धरून त्याचा फोटो काढा, खूण जात नाही. आणि गेल्या वर्षीच्या प्रतिमा-हक्क कायद्याने प्रत्येक फोनच्या पडद्यामागे एक चिप बसवली. ती चित्र दाखवण्याआधी खूण वाचते. कॉपी परवानगीने झालेली नसली की चित्राऐवजी करडा ठिपका.

इथवर सगळं सभ्य होतं. अडचण एवढीच, की करड्या ठिपक्याची कुणाला लाज वाटेना. लोक ठिपकेच पुढे पाठवायला लागले. खाली लिहायचे, 'खूप हसाल.'

मग आमचा टीम लीड निषाद याने उलटछाप काढली. फोन उघडण्यासाठी तुमचा चेहरा फोनमध्ये साठवलेला असतोच. नाकाची उंची, गालाचा खोलगटपणा, सगळं. निषाद म्हणाला, फोटो चोरला की मूळ चेहरा काढायचा आणि जागेवर चोराचा चेहरा बसवायचा. त्याच उजेडात, त्याच कोनात. याला लोकांची संमती होती. अटी आणि शर्तींच्या एकेचाळिसाव्या पानावर, सगळ्यांनी न वाचता दिलेली.

परिणाम उत्तम आला. विट्याच्या एका आचाऱ्याने दुसऱ्याच्या बुंदीच्या लाडवांचा फोटो स्वतःच्या जाहिरातीत वापरला. लाडवांना चेहरा नसतो, त्यामुळे चिप गोंधळली आणि तिने प्रत्येक लाडवाला आचाऱ्याचा चेहरा बसवला, मिश्यांसकट. एका होतकरू पुढाऱ्याने पुरातल्या मदतकार्याचा कुणाचातरी फोटो टाकला. त्यात नाव वल्हवणाराही तोच, वाचलेलं कुटुंबही तोच आणि म्हैसही तोच. त्याने पोस्ट काढली नाही. म्हैस लोकांना आवडली होती.

"म्हणजे मी चोर?" आत्या म्हणाली.

"कायद्याने, हो."

"सख्ख्या भाचीचा फोटो घेतला तर चोर?"

"विचारलं होतंस?"

"विचारलं असतं तर दिला असतास?"

"नाही."

"मग!" आत्या म्हणाली, जणू खटला निकाली निघाला.

तिला चूक कळणार तरी कशी. नातेवाईक म्हणून माझा फोटो बघायची तिला परवानगी होती, कॉपी करायची नव्हती. तिच्या स्वतःच्या फोनवर सगळं ठीकच दिसत होतं. ते आम्ही मुद्दामच तसं ठेवलंय, म्हणजे चोर बिनधास्त पुढे पाठवतो. शिवाय मला पत्ता लागू नये म्हणून तिने फोटोखाली माझं नाव टाकलं नव्हतं. मजकूर असा होता: 'सुस्वरूप, शांत, स्वयंपाकात तरबेज, स्वतःच्या पायावर उभी. वय अनुरूप. बाकी भेटीत. संपर्क: वैजयंती मगदूम.' यातलं शांत आणि स्वयंपाक मला लागू नाही. आत्याला शांत सोडलं तर सगळं लागू होतं.

मला वाटलं ती हसेल. तिने मेथीचे देठ बाजूला केले, हात धुतले आणि खुर्चीवर बसली.

"किती जणांनी बघितलाय?"

मी आकडा सांगितला नाही. "बऱ्याच जणांनी."

"परत एकदा," ती म्हणाली.

परत एकदा म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. आत्या बावीसची असताना आजोबांनी तिला सांगलीतल्या एका स्टुडिओत नेऊन फोटो काढला होता. पाठीमागे रंगवलेला धबधबा, हातात प्लास्टिकचे गुलाब. तेव्हा मुलीचा फोटो पाकिटातून मुलाकडच्यांना जायचा. पसंत नसली की फोटो परत यायचा, सोबत पत्रिका जुळत नसल्याची चिठ्ठी. नकार तोंडाने कुणी द्यायचा नाही, फोटोच द्यायचा. फोटो परत गेला की विषय संपला. मग कुठल्याही बाजूने एकमेकांना काही विचारायचं नाही.

"काही फोटो तर परतसुद्धा आले नाहीत," आत्या म्हणाली. "नकोही म्हणाले नाहीत, परतही दिला नाही. अजून कुणाच्यातरी ट्रंकेत असेन मी. आणि त्या स्टुडिओवाल्यानं काय केलं माहितीय? माझा फोटो हा एवढा मोठा करून काचेत लावला. 'लग्नाचे फोटो काढून मिळतील.' कुणाला विचारलं न्हाई. मी त्याच रस्त्यानं ड्युटीला जायची. उन्हानं पहिल्यांदा साडीचा रंग उडाला, मग गुलाबांचा, मग माझा. धबधबा तेवढा टिकला."

मी लॅपटॉप मिटला.

दुपारी तिने स्वतःहून सुकुमार चौगुल्यांना फोन लावला. चूक झाली म्हणून सांगायला, एवढंच. मी खोलीत काम करत होते आणि अर्थातच ऐकत होते.

"तसं मला शंका आलेलीच," सर म्हणत होते. "चेहरा पन्नाशी ओलांडलेला आणि मान तिशीतली. म्हटलं, बाई मानेची फार निगा राखतात."

आत्या हसली. मी लॅपटॉपवरून मान वर केली. हे हसणं मी ओळखत नव्हते. दवाखान्यात ती हसते ते पेशंटच्या सोयीसाठी.

"मग पसंत काय केलंत? मान की चेहरा?"

"मान माझ्या काय कामाची, मॅडम? चेहरा बघून वाटलं, ह्या बाई खोटं बोलत नसतील. आता कळतंय, सगळा फोटोच खोटा होता."

"चेहरा खरा आहे की!" आत्या जरा रागावून म्हणाली.

त्या दुपारी आमच्या घरात पहिल्यांदा भाजी करपली.

नंतर फोन येत राहिले. सर आपल्या दुखऱ्या गुडघ्याचं विचारायचे, आत्या ओरडायची, "जिना चढू नका म्हटलं न्हवं? ऐकायचं नसेल तर विचारता कशाला?" ते ओरडून घ्यायला फोन करतात हे मला लवकर कळलं. आत्याला कळायला थोडा वेळ लागला. ती जेवताना मध्येच सांगायची, "चौगुले सर म्हणतात, वांग्याचा रंग काढणं सगळ्यात अवघड." मी म्हणायचे, हो का. ती म्हणायची, "मला काय करायचंय म्हणा."

मग फोटो दवाखान्यात पोचला.

कुणीतरी त्याचं गुड मॉर्निंगचं स्टिकर केलं होतं. पैठणी, कमरेवर हात, बासुंदीची वाटी, आत्याचा चेहरा आणि वर चमकती अक्षरं, 'सिस्टर इज रेडी.' एका पेशंटने सलाइन लावून घेता घेता विचारलं, "काय सिस्टर, कुठं जमलं का?" आत्याने नेहमीप्रमाणे एका झटक्यात शीर शोधली, पट्टी लावली, बाहेर आली आणि रजा टाकून घरी आली. आत्याने रजा टाकलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

"सगळे परत बोलव," ती म्हणाली. "तुझ्या कंपनीत तशी सोय आहे म्हणालीस."

सोय होती. परत-बोलावणी. मालकाने आज्ञा दिली की जगातल्या सगळ्या चिपा त्या फोटोच्या प्रती कायमच्या करड्या करतात. मी निषादला व्हिडिओ कॉल लावला.

"मालक तू आहेस, पण दिसणारा चेहरा त्यांचा आहे," निषाद म्हणाला. "नियमाने दोघींची संमती लागेल. मानेपासून खाली तुझी, वर त्यांची."

"आणि मान?"

"मान लीगल विभागाकडे आहे. अजून ठरलेलं नाही."

"हनुवटी तरी माझी आहे का?" आत्याने कॅमेऱ्यात डोकावून विचारलं.

निषादने कागद बघितला. "हनुवटी तुमची, मॅडम."

"मग माझी संमती आहे."

मी बटणाशी थांबले. "आत्या, एक प्रत वगळता येत नाही. सगळ्या जातात. जयसिंगपूरचीसुद्धा."

आत्याने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, शेजाऱ्यांची पाण्याची टाकी होती. तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला स्पष्ट दिसत होतं. सरांच्या फोनवरून फोटो गेला म्हणजे मुलीकडच्यांनी फोटो परत मागवला. याचा त्यांच्या पिढीत एकच अर्थ होतो.

"आधी फोन करून सांग ना त्यांना," मी म्हटलं.

"काय सांगू? 'फोटो परत घेतेय, पण तुम्ही तसं समजू नका'? मग कसं समजू म्हणतील. त्याचं उत्तर आहे माझ्याकडं?"

"नाहीये?"

"दाब ते बटण, समू. मला त्या काचेत परत उभं राहायचं नाही."

मी दाबलं. मिरजेपासून हुबळीपर्यंतची आत्या एका क्षणात करडी झाली. स्टिकरवर फक्त 'इज रेडी' उरलं, का ते आम्हाला अजून समजलेलं नाही.

दवाखाना दोन दिवसांत विसरला. नव्या डॉक्टरने वरिष्ठांच्या शोधनिबंधातला एक्सरे उचलून स्वतःच्या भाषणात दाखवला होता आणि पडद्यावरच्या बरगड्यांमध्ये त्याचा चेहरा प्रकटला होता. लोकांना तेवढं पुरलं.

जयसिंगपूरहून मात्र फोन आला नाही. आत्या फोन चार्जिंगला लावायची, काढायची, पुन्हा लावायची. भाजी करपायची बंद झाली. ती व्यवस्थित व्हायला लागली हेच वाईट लक्षण होतं.

"मी बोलू का त्यांच्याशी?" मी विचारलं. "तांत्रिक बाजू समजावते."

"आमच्यात फोटो परत गेला की फोन करत नसतात. कुठल्याच बाजूनं."

"अगं, तो फोटो पाकिटातला नव्हता. मी बटण दाबलं."

"पाकिटावर तरी कोण स्वतः तिकीट लावायचं? ते तुझे आजोबा लावायचे," आत्या म्हणाली आणि डाळ शिजायला ठेवली.

पुढच्या रविवारी बेल वाजली. दारात एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, एका हातात भडंगाची पिशवी, दुसऱ्या हातात गुंडाळलेला ड्रॉइंग पेपर. जिना चढून आल्याने उजवा गुडघा धरून ते दाराच्या चौकटीला टेकले.

"मी चौगुले. मॅडम आहेत?"

आत्या स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि थबकली. मग तिचं पहिलं लक्ष गुडघ्याकडे गेलं.

"जिना चढलात?"

"लिफ्ट नाही तुमच्याकडं."

"खालून हाक मारायची! बसा. पाय लांब करा. समू, स्टूल आण."

स्टूल आलं, पाय लांब झाला, पाणी आलं. मग कुणाकडेच काही काम उरलं नाही. सरांनी घसा साफ केला.

"मॅडम, फोटो परत गेला. मी समजलो. त्यात माझं काही म्हणणं नाही. खरं एक अडचण झाली. हे माझ्याकडं राहिलं." त्यांनी गुंडाळी पुढे केली. "तुमचा पहिला फोन आला त्या संध्याकाळी काढलं होतं. परवानगी घेतलेली नव्हती. फोटो जातो तो कसा जातो मला ठाऊक नाही, पण हे काही आपोआप जात नाही. म्हटलं, नकार आल्यावर पोरीचा फोटो घरात ठेवू नये, नेऊन द्यावा. पोस्टानं चुरगळला असता."

आत्या गुंडाळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिचे फोटो पोस्टाने परत आले होते, कुणाच्या काकांबरोबर आले होते, आलेच नव्हते. दारात येऊन हातात परत देणारा हा पहिलाच माणूस, आणि त्याला तर नकारही कुणी दिलेला नव्हता.

तिने कागद उलगडला.

पेन्सिलचं काम होतं. पैठणी नव्हती, बासुंदी नव्हती. नुसता चेहरा आणि खांद्यापर्यंतचा भाग. नाकावर चष्म्याचा वळ. आणि मान. मी जवळ जाऊन बघितलं. मान माझी नव्हती. तिच्यावर दोन आडव्या रेघा होत्या, कानाखाली थोडी सैल कातडी आणि गळ्याच्या खळग्यापाशी एक शीर, मोठ्याने ओरडणाऱ्या माणसाची असते तशी.

आत्याचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला. रेघा जागेवर होत्या.

"ही मान कुठून आणलीत? फोटोत तर समूची होती."

"अंदाजानं काढली," सर म्हणाले. "चेहऱ्याला शोभली पाहिजे ना. त्या दुसऱ्या मानेवर हा चेहरा उपरा वाटत होता." मग त्यांनी काळजीने विचारलं, "चुकली काय?"

डोळे पुसायचे होते म्हणून आत्याने चष्मा पुसला.

"फोटो मी सगळ्यांकडून मागवला होता," ती म्हणाली. "लोक हसत होते म्हणून. तुमच्याकडून वेगळा असा मागवलेला नव्हता. तशी सोय नव्हती. ह्या पोरीच्या कंपनीत सगळं सरसकट आहे."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. लीगलकडे असलेली.

"म्हणजे ते परत जाणं, तसं नव्हतं?"

"तसं नव्हतं."

"मग हे…" सरांनी कागदाकडे बोट केलं.

आत्याने चित्र नीट गुंडाळलं, दोन्ही टोकं सारखी केली आणि त्यांच्या हातात दिलं.

"हे राहू दे तुमच्याकडं," ती म्हणाली. "काचेत लावू नका. आणि उन्हात ठेवू नका."

मग ती आत गेली आणि आतूनच ओरडली, "जेवून जायचंय, उठू नका! समू, भडंग उघड!"

सोमवारी मी कंपनीला त्रुटी कळवली, नियमच आहे. यंत्रणेला चुकवून प्रत काढण्याचा मार्ग सापडला आहे, प्रत हुबेहूब आहे, काही बाबतींत मूळ फोटोपेक्षा बरोबर आहे आणि परत बोलावता येत नाही. साधन: पेन्सिल.

निषादने विचारलं, दुरुस्त करता येईल का?

मी कळवलं, गरज नाही. मालकिणीची परवानगी आहे.